क्रूझ बघायच्या आधी मुलांच्या जन्मतारखा आणि उंची काढा

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. घरात तीन मुलं, मोठा १४ चा आणि नववीत, मधली मुलगी ८ ची, धाकटा येत्या दिवाळीत २ वर्षं ८ महिन्यांचा होईल. सोबत सासू-सासरे, म्हणजे एकूण सात माणसं. मिस्टरांचं म्हणणं मुंबई-गोवा करू, जवळ पण आणि स्वस्त पण. मोठ्याला सिंगापूरचं मोठं जहाज हवंय, सासूबाईंना जेवणाची काळजी, आणि ताईंना स्वतःला एवढंच हवंय की चार दिवसांत कधीतरी दोन तास शांत बसायला मिळावं. तर कुठली क्रूझ घ्यावी?

ताई, मी एकोणीस वर्षं दादरला टूर बुकिंगचं काम करतेय, त्यातली गेली बारा-तेरा वर्षं क्रूझच जास्त, आणि स्वतः माझ्या माणसांना घेऊन चार वेळा जाऊन आलेय. त्या जोरावर सांगते, तुम्ही जहाजांचे फोटो आणि व्हिडिओ बघणं आज बंद करा. एक कागद घ्या आणि तिन्ही मुलांची नावं लिहून प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ज्या दिवशी जहाज सुटेल त्या दिवशीचं पूर्ण वय, उंची सेंटीमीटरमध्ये, आणि धाकट्यापुढे डायपर सुटलाय की नाही. तुमचा निम्मा निर्णय त्या कागदावरच होईल, कारण जहाजावर मुलाला काय मिळणार आणि काय नाही ते या तीन गोष्टींवर ठरतं. मुलगा किती हुशार आहे, कसा चटकन मिसळतो, हे तिथे कोणी विचारत नाही.

सगळ्यात आधी धाकटा, कारण सगळं गणित त्याच्यापाशी अडलंय. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला जहाजावर घेतात (सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असलेल्या लांब सफरींना बऱ्याच ठिकाणी एक वर्ष लागतं), त्यामुळे तुमच्या पिल्लाला तिकीट मिळेल, प्रश्न तिकिटाचा नाहीच. प्रश्न असा की फुकटचा किड्स क्लब बहुतेक ठिकाणी ३ वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होतो, आणि नुसती ३ पूर्ण होऊन पण भागत नाही, मूल स्वतः बाथरूमला जाणारं हवं. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या क्लबमध्ये पुल-अप पँट्सवालं (म्हणजे चड्डीसारखा डायपर घातलेलं) मूल पण घेत नाहीत. तिथले लोक मुलांना खेळवतात, सांभाळतात, पण डायपर बदलणं त्यांच्या कामात नाही. ३ च्या खालच्यांसाठी काही जहाजांवर वेगळी नर्सरी असते, रॉयल कॅरिबियनवर ६ ते ३६ महिने, डिस्नेवर पण ३ वर्षांपर्यंत, तिथे डायपर बदलतात, पण तासाचे पैसे पडतात आणि जागा मोजक्या, सुट्टीच्या दिवसांत तर आधीच भरून जातात.

दुसरी गोष्ट लोकांना जहाजावर गेल्यावर कळते, ती म्हणजे पोहण्याचा तलाव. डायपर घातलेलं मूल, अगदी खास स्विम डायपर असला तरी, बहुतेक जहाजांवर मोठ्या पूलमध्ये चालत नाही. कारण स्वच्छतेचं आहे आणि ते बरोबर आहे, शेकडो माणसं त्याच पाण्यात उतरतात. काही जहाजांवर छोट्यांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते, सगळ्यांवर नसते. माझा भाचा दोन वर्षांचा असताना आम्ही गेलो होतो. पहिल्या दुपारी त्याच्या हातात पिवळी बादली, अंगात माशांचं चित्र असलेला स्विमसूट, पळत पळत पूलच्या काठापर्यंत गेला आणि तिथल्या मुलीने खाली वाकून अगदी गोड आवाजात वहिनीला सांगितलं की सॉरी, हा आत नाही जाऊ शकत. तो काठावर पायाची बोटं दुमडून उभा, समोर सगळी मुलं उड्या मारतायत आणि हा एकदा पाण्याकडे बघतोय, एकदा आईकडे. नंतर चारही दिवस वहिनी केबिनच्या शॉवरखाली ती बादली भरून भरून त्याच्या अंगावर ओतत बसली. बुकिंग मीच केलं होतं, मला हा नियम आधी सांगता आला असता तर आम्ही फुगवायचा छोटा टब तरी नेला असता. तेव्हापासून तीनच्या आतलं मूल असलेल्या प्रत्येक घराला मी हे पहिल्याच फोनवर सांगते.

आता तुमच्या बाबतीत बघा. दिवाळीत धाकटा २ वर्षं ८ महिन्यांचा, म्हणजे क्लब बंद, पूल बंद, नर्सरी असेल तर पैसे भरून. तेच तुम्ही एप्रिलच्या शेवटी गेलात तर तो ३ वर्षं २ महिन्यांचा असेल, आणि मधल्या सहा महिन्यांत डायपर सुटला तर क्लब उघडा, पूल उघडा, आणि तुमचे ते दोन तास रोज मिळतील, तेही फुकट. मला माहितीये मोठ्याची पुढच्या वर्षी दहावी आहे आणि मे सुरू झाला की व्हेकेशन बॅच लागते. पण नववीची परीक्षा संपणं आणि क्लास सुरू होणं यात सहसा आठ-दहा दिवसांची फट असते, क्लासवाल्यांना आत्ताच तारीख विचारून घ्या. माझं स्पष्ट मत, दिवाळी सोडा आणि एप्रिल धरा. दिवाळीत भाडी पण चढलेली असतात आणि मुंबई-सिंगापूर विमानाची तिकिटं वेगळी महागतात ते वेगळंच.

मधली ८ ची आहे, तिची मला फार काळजी नाही. ६ ते ११ ही वयं क्रूझवर सगळ्यात सुखात असतात, जवळपास प्रत्येक जहाजाने त्यांचाच विचार करून खेळ ठेवलेले असतात. तिच्या बाबतीत दोनच गोष्टी बघायच्या, उंची आणि भाषा. उंचीचं असं की मोठ्या जहाजांवरच्या गंमतीच्या गोष्टींना वयापेक्षा उंचीची अट असते. रॉयल कॅरिबियनचं फ्लोरायडर, म्हणजे खोट्या लाटेवरचं सर्फिंग, त्यावर पोटावर झोपून बोर्ड चालवायला किमान १३२ सेंटीमीटर लागतात, उभं राहून करायचं तर १४७. आठ वर्षांच्या बऱ्याच मुली १३२ च्या अलीकडेच असतात. आता दादा तासभर लाटेवर खेळतोय आणि आपण रेलिंगमधून बघतोय, हे आठ वर्षांच्या मुलीला फार लागतं, आणि ते तिला घरीच सांगून ठेवलं असलं तर निम्मं कमी लागतं. त्याउलट त्याच कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर हवेच्या झोतावर तरंगायचा जो प्रकार आहे त्याला वय ३ च्या पुढे चालतं, तिच्यासाठी तो बुक करून ठेवा.

भाषेचं म्हणजे, क्लबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं. मुलगी मराठी माध्यमात असेल किंवा अनोळखी माणसांत गप्प बसणारी असेल तर पहिला दिवस तिला जड जातो, दुसऱ्या दिवशी एखादी मैत्रीण मिळते, तिसऱ्या दिवशी ती तुम्हाला जेवायला यायला नाही म्हणते. हे मी इतक्या घरांत बघितलंय की म्हणूनच लाजऱ्या मुलांच्या आई-वडिलांना मी दोन रात्रींची सफर सुचवतच नाही. दोन रात्री म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, शेवटच्या दिवशी सकाळी उतरायचं, हातात पूर्ण दिवस एकच, मूल रुळतंय तोवर बॅगा भरायची वेळ. तीन रात्री चालतील, चार उत्तम. सात रात्रींची युरोपातली वगैरे धाकटा पाच-सहाचा झाल्यावर बघू.

क्लबचे वयोगट कंपनीगणिक बदलतात, हे नीट वाचा. एमएससीवर ३ ते ६, ७ ते ११, १२ ते १४ आणि १५ ते १७ असे गट, नॉर्वेजियनवर ३ ते १२ चा एक मोठा क्लब (आत त्याचे लहान गट) आणि १३ ते १७ चा वेगळा, डिस्नेवर ११ ते १४ चा एक आणि १४ ते १७ चा एक, म्हणजे तिथे १४ चा मुलगा दोन्हीकडे बसतो. वय धरतात ते सफरीच्या तारखेचं आणि त्यात घासाघीस होत नाही. एका कुटुंबाचं सांगते, जहाजाचं नाव नको, दोन चुलतभाऊ, एक बारा पूर्ण झालेला आणि दुसऱ्याला बारा पूर्ण व्हायला दोन दिवस कमी, वाढदिवस जहाजावरच साजरा करायचा म्हणून हौसेने तीच तारीख घेतलेली. एकाला मनगटात घालायचा मोठ्या मुलांच्या क्लबचा बॅंड मिळाला, दुसऱ्याला लहान मुलांचा. जन्मभर एकत्र वाढलेली पोरं, शाळेत एका बाकावर, आणि तिथे दारातच वेगळी झाली. वाढदिवसाच्या दिवशी सुद्धा तो मुलगा केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडला होता असं त्याच्या आईने मला फोनवर सांगितलं. चार दिवस पुढची तारीख घेतली असती तर काहीच झालं नसतं. त्यामुळे कोणाचाही वाढदिवस सफरीच्या आगेमागे असेल तर आधी गट बघायचा, मग केकचं ठरवायचं.

आता मोठा. तुम्ही प्रश्नात त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण सफरीचा मूड तोच ठरवणार आहे. चौदाव्या वर्षी मुलाला आई-वडिलांबरोबर फिरायचा कंटाळा नसतो, सतत नजरेखाली असण्याचा कंटाळा असतो, आणि जहाज ही अशी एकच जागा मला माहितीये जिथे तुम्ही त्याला मोकळं सोडू शकता आणि तुमच्या जिवाला घोर लागत नाही. गेटबाहेर जाता येत नाही, रस्ता ओलांडायचा नाही, ओळखपत्र दाखवल्याशिवाय बंदरावर उतरता येत नाही. मात्र त्याच्यासाठी पहिली संध्याकाळ सगळ्यात महत्त्वाची, हे गाठीला बांधून ठेवा. पहिल्या रात्री टीन क्लबमध्ये सगळी मुलं एकमेकांना नवीन असतात, तिथेच ग्रुप जमतात, दुसऱ्या दिवशी जो जातो तो बाहेरचा राहतो. बरीच घरं पहिल्या रात्री दमून झोपतात किंवा 'आज सगळे एकत्र जेवू' म्हणून त्याला बसवून ठेवतात. तसं करू नका, एकत्र जेवण दुसऱ्या रात्री ठेवा. रात्री परत यायची वेळ मात्र घरीच ठरवून टाका, कारण टीन क्लब मध्यरात्रीनंतर पण चालू असतात.

त्याच्या फोनचं पण एक सांगते. किनारा सुटला की फोन जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कला लागतो, ते समुद्रातलं रोमिंग तुमच्या नेहमीच्या परदेशी पॅकमध्ये सहसा येत नाही आणि बिल बघून घाम फुटतो. चढताक्षणी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, मग हवा तर जहाजाचा वायफाय. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपवर जहाजातल्या जहाजात मेसेज करता येतो, मुलाशी संपर्काला तेवढं पुरतं.

आता तुमचे मिस्टर म्हणतायत ते मुंबई-गोवा. त्यांना चूक म्हणत नाहीये मी. बॅलार्ड पिअरवरून चढायचं, विमान नाही, पासपोर्टची धावपळ नाही, आणि जेवण आपलं, शाकाहारी-जैन सगळं मिळतं, सासूबाई खूश. तिथे जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्याकडे आहे. लांबी साधारण २११ मीटर. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम ३३५ मीटरचं, रॉयल कॅरिबियनची स्पेक्ट्रम, अँथम ही जहाजं ३४० च्या पुढची. फरक नुसत्या लांबीचा नाही, लांबी वाढली की मुलांच्या जागा वाढतात. एम्प्रेसवर पूल आहे, चढायची भिंत आहे, मुलांचा क्लब आहे, शो असतात, ६ ते १० ची मुलं तिथे मजेत राहतात. पण १४ च्या मुलाने सर्फिंग आणि मोठ्या स्लाइड्सचे व्हिडिओ बघून ठेवले असतील तर ते त्याला इथे मिळणार नाही, आणि मग दोन दिवस तो तुम्हाला तसं सांगत राहील. शिवाय कुठल्याही कंपनीची, जगात कुठेही, वीकेंडची दोन रात्रींची सफर घेतली तर तरुण मित्रमंडळींचे ग्रुप जास्त असतात, रात्री उशिरापर्यंत डेकवर गाणी. झोपणारं बाळ बरोबर असेल तर केबिन पूल डेकच्या थेट खाली घेऊ नका, तिथे सकाळी खुर्च्या सरकवल्याचा आवाज पण छतातून येतो.

आणि मोसम. पावसाळ्यात अरबी समुद्र काय असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको, गेटवेहून मांडव्याच्या बोटी पण बंद असतात. मुंबईहून क्रूझचा हंगाम धरायचा तो दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मे पर्यंत. सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर जाणाऱ्या सफरी, पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत या बाजूच्या, त्या मला लहान मुलांसाठी आवडतात कारण दोन्हीकडे जमीन, पाणी बरंचसं शांत, जहाज फारसं हलत नाही.

बोट लागण्याचं हे सगळेच विचारतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा लागत नाही, दोन ते बारा या वयात जास्त लागते, म्हणजे तुमची मधली आणि धाकटा दोघंही. ज्या मुलाला खंडाळ्याच्या घाटात गाडी लागते त्याच्यासाठी केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, पुढचं टोक आणि वरचे मजले जास्त डोलतात. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. आजीच्या पर्समध्ये आलेपाक असू द्या, उपयोग होतो. आणि पैसे भरायच्या आधी एक रविवार काढून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला जाऊन या, तासाभराचा प्रवास, गाडी पण आत जाते. मोठ्या जहाजाइतकी ती स्थिर नसते, म्हणजे त्यात मुलगी हसत उतरली तर क्रूझवर अडचण नाही. माझी आई लहानपणी याच धक्क्यावरून कोकणबोटीने वेंगुर्ल्यापर्यंत जायची, हर्णै, जयगड, रत्नागिरी करत करत, आणि बंदर आलं की होडीत उतरायचं, तेव्हा कडेवरच्या मुलाला कसं धरायचं ते ती अजून हात करून दाखवते. मी तिला सिंगापूरला घेऊन गेले तेव्हा पहिल्या दिवशी ती तीन वेळा म्हणाली, ही बोट चालूच कुठे झालीये.

तर सिंगापूर धरलं तर तुमच्यापुढे तीन प्रकार. रॉयल कॅरिबियन, मोठ्याच्या दृष्टीने सगळ्यात भरलेलं, पण कुठल्या महिन्यात कुठलं जहाज तिथे आहे ते बघा, प्रत्येक जहाजावर सगळ्याच गोष्टी नसतात. गेंटिंग ड्रीम, भारतीय जेवणाची सोय चांगली, शाकाहारी आणि जैन पण, पाण्याच्या स्लाइड्स, दोरांवरचा खेळ, झिपलाइन, बोलिंग, म्हणजे मोठा आणि आजी दोघं एकाच जहाजावर समाधानी, हे फार जहाजांवर जमत नाही. आणि डिस्ने अॅडव्हेंचर, तीन-चार रात्री आणि मध्ये एकही बंदर नाही. आठ आणि तीनच्या मुलांना ते स्वर्ग वाटेल, चौदाच्या मुलाला आधी विचारा, काहींना आवडतं, काहींना मित्रांत सांगायला लाज वाटते, आणि त्या वयात ती लाज खरी असते. बंदर नसणं हे लहान मुलांना चांगलंच. पेनांगच्या उन्हात तीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन फिरण्यापेक्षा बाकीच्यांना उतरू द्या आणि तुम्ही धाकट्याबरोबर जहाजावर थांबा, त्या दिवशी पूल रिकामा असतो. फुकेतला तर बरीच जहाजं धक्क्याला लागतच नाहीत, लहान बोटीने किनाऱ्यावर जायचं असतं, प्रॅम घेऊन ते त्रासाचं होतं.

तुमच्या घराला मी गेंटिंग ड्रीम किंवा रॉयल कॅरिबियनची चार रात्रींची सफर देईन, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. सासूबाईंना जेवणाचं फार असेल तर पहिलं, नाहीतर दुसरं. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगमध्येच लिहून द्यावं लागतं, चढल्यावर सांगून धावपळ होते.

केबिनचं जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाचतात आणि इथेच वाया पण जातात. सात जणांना दोन केबिन, चार आणि तीन. तुम्ही दोघं, मधली आणि धाकटा चौघांच्या केबिनमध्ये, मोठा आजी-आजोबांबरोबर शेजारच्या. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा कमी लागतं, म्हणून तीन केबिनपेक्षा हे परवडतं. पण चौघांच्या केबिन जहाजावर मोजक्याच असतात आणि सुट्टीच्या तारखांना सगळ्यात आधी त्याच जातात. कधी कधी तर केबिनमध्ये चौथा पलंग असतो आणि तरी सिस्टीम चौथं माणूस घेत नाही, लोक आमच्याशी भांडतात, पण कारण असं की त्या भागाच्या लाइफबोटीची मोजणी भरलेली असते, तिथे एक माणूस पण जास्त घेता येत नाही. म्हणून एप्रिलचं ठरलं तर दिवाळीच्या आधी बुक करून टाका.

वरचा पलंग छताला दुमडून ठेवलेला असतो, शिडीने चढायचं. सहा वर्षांखालच्याला तिथे झोपवायचं नाही. मधली वर, धाकट्यासाठी पाळण्यासारखा छोटा कॉट मागवून घ्या, बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो, पण आधी सांगावं लागतं. बाल्कनीचं मी धाकट्यामुळे नाहीच म्हणेन. कठडा उंच असतो, दाराला वर कडी असते, सगळं खरं, पण तिथे दोन खुर्च्या आणि टेबल पण असतं आणि तीन वर्षांचं मूल खुर्ची ओढायला शिकलेलं असतं. बाल्कनी आजी-आजोबांच्या केबिनला घ्या, चहाच्या वेळी सगळे तिकडे जमा. तुम्ही खिडकीवाली किंवा आतली घ्या, आतल्या केबिनमध्ये अंधार इतका छान पडतो की दुपारी मूल दोन तास झोपतं.

घड्याळाची एक गंमत लक्षात असू द्या. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. जहाजावरचे रात्रीचे आठ म्हणजे मुलांच्या पोटातले साडेपाच. एजंट 'मुलं आहेत' म्हणून संध्याकाळच्या पहिल्या पंगतीचं टेबल देतात आणि ठाण्याची मुलं तिथे जेवतच नाहीत, त्यांच्या पोटात दुपारच असते, मग रात्री अकराला भूक भूक. दुसरी पंगत घ्या. तसंच क्लबचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, उठवून नेऊ नका, दुपारच्या खेळांना पाठवा.

बॅगेत इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड घालू नका, तपासणीत काढून ठेवतात आणि उतरताना देतात. आशियातल्या बऱ्याच जहाजांवर केबिनमध्ये किटली असते, नसली तर गरम पाणी वर मिळतं. घरी केलेलं ओलं जेवण आत नेता येत नाही, सीलबंद खाऊ, नाचणी सत्त्व, बाळाचं दूध पावडर चालतं. मोठ्या बॅगा केबिनपाशी यायला संध्याकाळ होते, त्यामुळे स्विमसूट, धाकट्याचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत. चढल्या दुपारीच क्लबमध्ये जाऊन मुलांची नावं नोंदवा, धाकट्याला जागा दाखवून आणा, एकदम सोडून येऊ नका.

सुरक्षेची कवायत टाळू नका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं, त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून ती कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावीच लागते. क्लबमधली मुलं असतात त्यांच्या हाताला संकटात जमायच्या जागेच्या नंबरचा पट्टा बांधतात. संकटात मुलं क्लबमध्ये असतील तर त्यांना कोण आणि कुठे आणणार, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या, संकोच करू नका. आणि पूलवर जीवरक्षक असला तरी आपल्यातलं एक मोठं माणूस हातात फोन न घेता बसलेलं हवं. सगळे आहेत म्हणजे कुणीतरी बघत असेल, असं प्रत्येकाला वाटतं, मोठ्या कुटुंबात हाच धोका जास्त.

कागदपत्रांत मुलांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढा. आपले दहा वर्षांचे असतात, लहानांचे सहसा पाचच वर्षांचे, मधलीचा तीन वर्षांची असताना काढला असेल तर तो संपत आलाय. प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने शिल्लक हवेत. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा, कारण जहाजाने तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येता. प्रवास विमा सातही जणांचा वेगळा काढा, जहाजावरच्या डॉक्टरचे पैसे लागतात आणि आपला नेहमीचा मेडिक्लेम तिथे बहुतेक चालत नाही. टिप पण हिशोबात धरा, बऱ्याच मोठ्या कंपन्या माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर लावतात, अनेक ठिकाणी मुलांना सुद्धा तेवढीच, सात माणसांचे चार दिवस म्हणजे छोटी रक्कम नाही. सिंगापूरला आदल्या दिवशी पोचा, विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही.

आज रात्री मधलीला दाराच्या चौकटीशी उभी करा, चप्पल-बूट काढून, डोक्यावर पाटीसारखं पुस्तक धरून पेन्सिलीने रेघ मारा आणि टेपने मोजून मला आकडा कळवा. १३० च्या वर असेल तर एप्रिलपर्यंत ती १३२ गाठू शकेल, मग आपण रॉयल कॅरिबियन बघू आणि तिला सांगू की दादाबरोबर तू पण लाटेवर जाणार. १२६-१२७ असेल तर गेंटिंगचं बघते, आणि तिथल्या स्लाइड्सच्या उंचीच्या अटी तुमच्या तारखेसाठी विचारून ठेवते.